सेवाभावी क्लबच्या बैठकीत दर आठवड्याला पाहुणे वक्ते कशाला? तो वेळ प्रकल्पांना दिलेला बरा नाही का?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की तुम्ही क्लबमध्ये नवीन आहात, कार्यक्रम समितीचं काम गळ्यात पडलंय, आणि निम्मे सदस्य म्हणतात भाषणं पुरे, काम करा. वक्ते बोलवायचेच असतील तर निवडायचे कसे, हेही विचारलंय.

'गळ्यात पडलंय' वाचून हसू आलं. माझ्याही गळ्यातच पडलं होतं. कारण काय, तर 'मॅडम, तुमचं सूत्रसंचालन छान असतं.' (लायन्सने स्त्रियांना सदस्यत्व दिलं १९८७ मध्ये, रोटरीने १९८९ मध्ये. काही क्लबांत अजून त्यांची मजल स्वागत आणि आभारप्रदर्शनापर्यंतच गेली आहे. असो, तो वेगळा विषय.)

वक्ते की प्रकल्प हा वादच मला पटत नाही. लायन्स क्लब आणि डोळ्यांची शिबिरं हे समीकरण आज सगळ्यांना पाठ आहे, पण १९१७ मध्ये ही संस्था सुरू झाली तेव्हा अंधत्व हे काही तिचं ठरलेलं काम नव्हतं. ३० जून १९२५ ला ओहायोतल्या सीडर पॉइंटला त्यांच्या अधिवेशनात एक पाहुणी बोलायला आली. हेलन केलर, दिसत नसलेली आणि ऐकू येत नसलेली अमेरिकन लेखिका. तिने गोड गोड कौतुक केलं नाही, सरळ मागणं मागितलं: अंधांसाठी तुम्ही उभे राहा. तिथून पुढची शंभर वर्षं ती संस्था त्या एका भाषणावर चालली आहे. पाच वर्षांनी, १९३० मध्ये, इलिनॉयमधल्या पिओरियाच्या लायन्सनी अंधांच्या पांढऱ्या काठीचा प्रसार हाती घेतला. एक पाहुणी, एक छोटं भाषण. आता सांगा, यातला वक्ता कुठला आणि प्रकल्प कुठला?

पण तुमच्या त्या निम्म्या सदस्यांचंही काही चुकत नाही, कारण बहुतेक क्लबांत वक्ते म्हणून जे येतात त्यांना ऐकण्यापेक्षा खरंच खड्डे खणलेले परवडले. सकारात्मक विचार. ताणतणावाचं व्यवस्थापन. यशाची सात सूत्रं. भाषण संपल्यावर दाराशी उभं राहून व्हिजिटिंग कार्ड वाटणारा गुंतवणूक सल्लागार. मी दोन वर्षं ही समिती सांभाळली, वर्षाला चाळीसेक माणसं शोधायची, आणि खोटं कशाला बोलू, त्यातली निम्मी मीही अशीच आणली. मंगळवार उजाडला, गुरुवारच्या बैठकीला कोणी नाही, मग कोणाच्या तरी मेहुण्याला फोन.

लक्षात राहिलं एकच भाषण. त्यावरून अजून माझं आणि आमच्या त्या वर्षीच्या अध्यक्षांचं पटत नाही.

आदल्या वर्षीचा आमचा मोठा प्रकल्प म्हणजे एका शाळेत बसवलेलं पाणी शुद्ध करायचं यंत्र. आधी गाळ अडवणारं कार्ट्रिज, मग कार्बनचं, मग अतिनील दिवा, पुढे स्टीलची टाकी आणि सहा तोट्या. मशीन खरंच चांगलं होतं. फीत कापली, मुलांनी ग्लास वर धरून फोटो काढून घेतले, क्लबच्या बुलेटिनचं मुखपृष्ठ झालं. भिंतीवर ग्रॅनाइटचा फलक लागला. प्रकल्पप्रमुख होते ते पुढच्या वर्षी अध्यक्ष झाले, आणि डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांच्या (म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांच्या) भेटीआधी त्यांना त्या प्रकल्पावर एक 'लाभार्थींचं मनोगत' हवं होतं. मला म्हणाले, मुख्याध्यापिका बाईंना बोलवा, छान बोलतात.

बाई आल्या. साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. सगळ्यांची नावं घेऊन आभार मानले, पहिल्या काही महिन्यांत मुलं घरून बाटल्या आणेनाशी झाली वगैरे सांगितलं. अध्यक्ष मान डोलावत होते. मग बाईंनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि विचारलं, "हे काय आहे, कोणी ओळखेल का?"

तिसऱ्या रांगेतले एक इंजिनियर सदस्य म्हणाले, "गाळाचं कार्ट्रिज."

"बरोबर. नवीन असतं तेव्हा पांढरं असतं."

ते पांढरं नव्हतं. ओल्या मातीच्या रंगाचं होतं, आणि मी बाजूलाच बसले होते म्हणून सांगते, त्याला वास येत होता. बाईंनी ते पोडियमवर उभं ठेवलं. पोडियमवर आमच्या क्लबचं चिन्ह भरलेलं कापड अंथरलेलं असतं. बाई बोलत होत्या आणि त्या कापडावर हळूहळू एक तपकिरी गोल पसरत होता. पुढचं भाषण निम्म्या सभागृहाने त्या गोलाकडे बघत ऐकलं असेल.

बाईंचं म्हणणं साधं होतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात तोट्यांची धार बारीक झाली. शाळेला वाटलं टाकीत बिघाड आहे. मेकॅनिक बोलावला, त्याने कार्ट्रिज काढून दाखवलं आणि विचारलं की वार्षिक देखभालीचा करार कोणाच्या नावावर आहे. तो कोणाच्याच नावावर नव्हता. हे दर सहा महिन्यांनी बदलायचं असतं असं शाळेत कोणाला कोणी सांगितलंच नव्हतं. क्लबला फोन केला तर ज्यांनी उचलला ते म्हणाले, तो गेल्या वर्षीचा प्रकल्प, आता टीम बदलली. नव्या टीममधले म्हणाले, फाइल जुन्या सचिवांकडे असेल. "मग मी फलक वाचला," बाई म्हणाल्या. "अकरा नावं आहेत. फोन नंबर एकही नाही."

आवाज चढलेला नव्हता. पाढा म्हणून घेतात तसं शांतपणे चाललं होतं. कार्बन जुना झाला की त्यातच जंतू वाढू शकतात, असं मेकॅनिकने सांगितल्यावर त्यांनी यंत्र बंद करून टाकलं होतं. म्हणजे आमच्या बुलेटिनमध्ये 'दररोज चारशे मुलांना शुद्ध पाणी' छापलं जात होतं आणि मुलं पुन्हा घरून बाटल्या आणत होती.

तेवढ्यात घंटा वाजली. बैठक सुरू करायला आणि संपवायला अध्यक्षांच्या टेबलावर असते ती पितळी घंटा. अध्यक्ष उठले, "वेळेच्या मर्यादेमुळे" म्हणाले, "काही तांत्रिक गैरसमज" म्हणाले, आणि आभार मानायला माझं नाव पुकारलं. माझ्या हातातल्या कागदावर आदल्या रात्री लिहिलेलं वाक्य होतं: 'बाईंच्या शब्दांनी आपल्या सर्वांना नवी ऊर्जा मिळाली आहे.' मी कागदाची घडी घातली आणि विचारलं, "बाई, पुढचं कार्ट्रिज कधी बदलायचंय?"

"तीन महिन्यांपूर्वी," बाई म्हणाल्या.

कोणीतरी हसलं, मग कोणीच हसलं नाही.

बाहेर व्हरांड्यात अध्यक्षांनी मला गाठलं. पाहुण्याने पाहुण्यासारखं वागायला हवं होतं. भाषण आधी लेखी मागवायला हवं होतं. क्लबची शोभा झाली. मी म्हटलं, सर, शोभा कार्ट्रिजने केली, बाईंनी नाही. पुढच्या बोर्ड मीटिंगमध्ये त्यांनी ठराव आणला: वक्त्यांनी भाषणाचा मसुदा आठवडाभर आधी द्यावा. सहा विरुद्ध तीन मतांनी तो मंजूर झाला. वर्ष संपलं तशी मी समिती सोडली. मसुदा मागितल्यावर कोण येतं, तर ज्याच्याकडे तयार भाषण आहे तो. यशाची सात सूत्रं पुन्हा सुरू.

यंत्राचं म्हणाल तर ते इंजिनियर सदस्य आणि मी पुढच्याच शनिवारी शाळेत गेलो. नवीन कार्ट्रिजं बसवली, यंत्राशेजारी दोरीने एक वही टांगली, बदलल्याची तारीख आणि सही अशा दोन रकान्यांची. फलकाखाली मार्करने मेकॅनिकचा नंबर लिहिला. फोटो काढायचं डोक्यातही आलं नाही, त्यामुळे ते काम बुलेटिनमध्ये आलं नाही. माझ्या मते त्या क्लबने त्या वर्षी केलेला तोच एक खरा प्रकल्प.

तर तुमचा प्रश्न. कार्ट्रिजचं आयुष्य सहा महिने, अध्यक्षाचं बारा, आणि शाळा तिथेच राहणार. या तिघांचं गणित जुळवायचं असेल तर बाहेरचा माणूस आत येऊन बोललाच पाहिजे, कारण आतला कोणी बोलणार नाही. १ जुलैला नवे पदाधिकारी येतात आणि ३० जूनला जातात. त्यात दोष नाही, पण काम वर्षाच्या पलीकडे न्यायचं कसं, याचा विचार कोणी करत नाही. रोटरीचं पोलिओचं काम बघा. १९७९ मध्ये फिलिपिन्समधल्या लसीकरणापासून सुरुवात, १९८५ मध्ये 'पोलिओप्लस' ही जगभराची मोहीम, आणि अजूनही चालू आहे. किती अध्यक्ष येऊन गेले असतील मधे! त्यांच्या ग्लोबल ग्रँटसाठीसुद्धा (मोठ्या प्रकल्पांना मिळणारा निधी) आधी लोकांची गरज तपासून दाखवावी लागते आणि पैसे संपल्यावर काम कसं टिकेल हे लिहून द्यावं लागतं. आमच्या यंत्रासाठी ग्रँट घेतलीच नव्हती, वर्गणीतून केलं. त्यामुळे आम्हाला हे कोणी विचारलंच नाही.

वक्ता निवडताना मी आता एकच बघते: याच्याकडे आपल्याला माहीत नसलेली आणि आपल्या कामाशी जोडलेली एखादी गोष्ट आहे का. आरोग्य केंद्रातली परिचारिका, शाळेचा शिपाई, ज्याला व्हीलचेअर दिली होती तो माणूस. मोठं नाव शोधू नका. मोठ्या नावाला तुमच्या क्लबचं नावसुद्धा चिठ्ठीवर बघूनच घ्यावं लागतं. बोलवताना एवढंच सांगा: आम्ही काय चुकीचं करतोय, ते दोन मिनिटं तरी बोला. भाषण वीस मिनिटं, प्रश्न दहा. आणि प्रत्येक प्रकल्पाला एक वर्ष झालं की ज्यांच्यासाठी केला त्यांना पाहुणे म्हणून बोलवाच. हे पहिल्याच महिन्यात वेळापत्रकात घालून टाका. नंतर कोणी घालू देणार नाही.

दर आठवड्याला मात्र नको. महिन्यात दोन वक्ते भरपूर झाले, उरलेल्या बैठकी कामाला द्या. रोटरीनेही २०१६ मध्ये दर आठवड्याची सक्ती काढली, महिन्यातून किमान दोन बैठकी पुरतात. तुमचा क्लब कुठल्या संस्थेचा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, नियम तपासून घ्या.

हे सगळं लिहून झाल्यावर आता दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. एक, प्रत्येक खडूस वक्ता बाईंसारखा नसतो. एकजण आमच्या सगळ्या प्रकल्पांची साल काढून शेवटी स्वतःच्या ट्रस्टची पावतीपुस्तकं फिरवून गेला. दुसरी जास्त अवघड आहे. त्या प्रकल्पाचा पूर्णत्व अहवाल मीच लिहिला होता, मी तेव्हा सहसचिव होते. 'देखभालीची जबाबदारी' या रकान्यात मी 'शाळा' लिहिलं. शाळेला विचारलं नव्हतं. रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून लिहिलं. त्या दिवशी मी कागदाची घडी घातली त्याचं बरेच जण कौतुक करतात, पण अहवालाचं मी त्या वेळी कोणालाच सांगितलं नाही. अध्यक्षांनाही नाही. आणि त्यांच्या खटपटीशिवाय ते यंत्र तिथे आलंच नसतं, वर्गणीसाठी दारोदार तेच फिरले होते, हेही खरं.

पण घंटेबद्दल मी माघार घेणार नाही. सर अजून भेटले की म्हणतात, वक्त्याला वीस मिनिटं ठरलेली असतात, मी वेळेवरच वाजवली. मी सूत्रसंचालन करत होते, घड्याळ माझ्यासमोर होतं. चौदा मिनिटं झाली होती, सर.