वाचकांचे प्रश्न : हशाची वाक्ये दुसऱ्याला देणारी लेखिका

प्रश्न : मी ब्रह्मपुरी तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी व दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, छोटे विनोदी प्रवेश लिहिते. मागील महिन्यात मोबाइलवर एक जुना इंग्रजी प्रवेश पाहिला. त्यात हॉटेलातील एक म्हातारी वाढपीण दोन गिऱ्हाइकांना सूप आणून देण्यास इतका वेळ लावते की, भाषा अर्धीच कळत असूनही घरातील सगळे पोट धरून हसले. लेखिका म्हणून व्हिक्टोरिया वुड हे नाव दिसले. परंतु त्या स्वतः प्रवेशात नव्हत्या, असे कळले. त्या कोण होत्या?

उत्तर : ताई, तुम्ही पाहिलेला प्रवेश बीबीसीच्या ‘व्हिक्टोरिया वुड : अ‍ॅज सीन ऑन टीव्ही’ या १९८५ ते १९८७ या काळातील कार्यक्रमातला आहे आणि त्यातील म्हातारी म्हणजे तेव्हा चाळिशीही न गाठलेल्या अभिनेत्री ज्युली वॉल्टर्स. वुड त्यात नाहीत, ही तुमच्या नजरेने टिपलेली गोष्ट त्यांच्या कारकिर्दीची किल्लीच आहे, असे मी म्हणेन. स्वतःच्या नावाचा कार्यक्रम, संपूर्ण लेखन स्वतःचे, आणि तरीही त्यातील सर्वांत गाजलेली भूमिका मैत्रिणीच्या हाती, असे करणारे कलावंत कोणत्याही रंगभूमीवर थोडेच असतात.

त्यांचा जन्म १९ मे १९५३ रोजी उत्तर इंग्लंडमधील लँकशायर परगण्यात प्रेस्टविच येथे झाला आणि बालपण बेरी या गिरणगावाबाहेरच्या माळावरील एका एकाकी घरात गेले. वडील विमा विकत आणि फावल्या वेळात लेखनही करीत. चार भावंडांत त्या धाकट्या होत्या. घरात प्रत्येक जण आपापल्या खोलीत असे आणि या मुलीच्या सोबतीला पियानो, पुस्तके आणि दूरचित्रवाणी. सहाव्या वर्षी त्यांनी बक्स्टन येथे जॉइस ग्रेनफेल या कलावतीचा एकपात्री प्रयोग पाहिला. रंगमंचावर एकच बाई उभी राहून बोलते आणि सारे सभागृह हसते, हे दृश्य त्यांच्या मनात घर करून राहिले. आपल्याकडे कीर्तनाला एकट्या बुवांनी रात्र जागवणे नवे नाही; परंतु त्या काळच्या ब्रिटनमध्ये एकट्या स्त्रीने विनोद सांगणे ही अपवादाचीच गोष्ट होती.

पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकत असतानाच १९७४ साली ‘न्यू फेसेस’ या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेच्या एका फेरीत पियानोवर स्वतःची गाणी म्हणून त्या विजयी झाल्या. नाव झाले, पण काम मिळेना. ठसठशीत बांध्याच्या, पियानोपाशी बसून गाणाऱ्या या मुलीला कोणत्या साच्यात बसवावे, हे निर्मात्यांना उमगत नव्हते. १९७८ साली लंडनच्या बुश थिएटरमधील एका प्रयोगात त्यांची वॉल्टर्स यांच्याशी गाठ पडली आणि तेथे लक्षात आले की, दोघींची ही पहिली भेट नव्हेच. १९७१ साली मँचेस्टरच्या नाट्यशाळेत प्रवेशासाठी आलेली आणि घाबरून बादलीत ओकणारी मुलगी म्हणजे वुड, तर उमेदवारांना वाट दाखवणारी तेथील विद्यार्थिनी म्हणजे वॉल्टर्स. वुड यांना तेथे प्रवेश मिळाला नव्हता. बुशमधील प्रयोगासाठी वॉल्टर्स यांच्या तोंडी लिहिलेल्या प्रवेशाला हशा मिळाला आणि आपल्या लेखनाचा सूर कोणता, हे वुड यांना तेथे कळले.

नंतरची वाटचाल थोडक्यात सांगतो. ‘टॅलेंट’ हे नाटक १९७८ साली शेफील्डला रंगले व पुढच्या वर्षी दूरचित्रवाणीवर आले. १९९३ साली पाच हजारांहून अधिक आसनांच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांचे एकटीचे पंधरा प्रयोग भरगच्च गर्दीत झाले. १९९८ ते २००० या काळात ‘डिनरलेडीज’ ही मालिका आली. २० एप्रिल २०१६ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या. बेरी येथे २०१९ साली त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

प्रश्न : त्यांच्या विनोदात नेमके काय होते? आमच्याकडे विनोद म्हटला की दारुड्या आणि सासू, एवढीच पात्रे लोकांना हवी असतात.

उत्तर : पात्रे तीच राहिली तरी बिघडत नाही, ती काय बोलतात यावर सारे आहे. वुड यांच्या विनोदाचा प्राण अचूक घरगुती तपशिलात असे. एका गाण्यात बायको नवऱ्याला शृंगारासाठी विनवते आणि नवरा सबबींवर सबबी सांगतो. विषय तसा जुनाच. परंतु ऐन रंगात घरोघरी येणाऱ्या एका सोज्वळ महिला साप्ताहिकाचे नाव येते आणि प्रेक्षक कोसळतात. ‘एक मासिक’ असे लिहिले असते, तर कोणीही हसले नसते. म्हणून तुमच्या प्रवेशातील सासू नुसती ‘भांडी’ मोजत असेल, तर तिला लाखोळीची डाळ मोजू द्या आणि मागील वर्षीच्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, वेळी पाहुण्यांनी नेलेले गंज (पातेली) अजून परत आले नाहीत, याची आठवण काढू द्या.

‘एकॉर्न अँटिक्स’ हा त्यांचा दुसरा गाजलेला प्रकार. स्वस्तात काढलेल्या रोजच्या मालिकेची ती नक्कल होती : भिंती हलतात, ध्वनिक्षेपक मध्येच दिसतो, नट चुकीच्या वेळी येतात, आणि वॉल्टर्स यांची चहावाली बाई अढळ गांभीर्याने तबक घेऊन फिरते. प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी पहिल्या रांगेला ऐकू येण्याचा अनुभव झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, प्रेक्षकांना काही नवा नाही. फरक एवढाच की, वुड यांच्याकडे प्रत्येक चूक तालीम करून बसवलेली असे आणि आपण चुकत आहोत, हे पात्रांना ठाऊक नसे. तुमच्या मुलांना एवढी एकच गोष्ट शिकवा, की आपल्या विनोदावर नटाने स्वतः हसायचे नाही.

केवळ हसवणे हेच त्यांचे काम होते, असे मात्र समजू नका. २००६ सालच्या ‘हाउसवाइफ, ४९’ या दूरचित्रवाणीपटात त्यांनी नेला लास्ट या उत्तर इंग्लंडमधील बॅरो गावच्या गृहिणीची भूमिका केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या लोकजीवन टिपणाऱ्या उपक्रमासाठी या गृहिणीने रोजनिशी लिहिली होती; घरात जिचे मत कोणी विचारीत नाही, अशी बाई लिहिता लिहिता आणि स्वयंसेविका म्हणून राबता राबता स्वतःच्या पायांवर उभी राहते. लेखन व अभिनय दोन्ही वुड यांचे होते आणि त्यासाठी बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-दूरचित्रवाणी संस्थेचे दोन पुरस्कार मिळाले. मला स्वतःला त्यांचे हे काम सर्वांत मोठे वाटते, कारण त्यातील दुःखही त्याच कान देऊन ऐकलेल्या बोलण्यातून येते.

प्रश्न : प्रवेश झाडी बोलीत लिहावा की प्रमाण मराठीत? नागपूरचे परीक्षक बोलीला गुण कमी देतात.

उत्तर : झाडी बोलीत लिहा. ‘डिनरलेडीज’ ही मँचेस्टरमधील कारखान्याच्या उपाहारगृहात घडते. त्यातील बाया उत्तरेकडच्याच लयीत बोलतात आणि ती मालिका साऱ्या ब्रिटनने आवडीने पाहिली. परीक्षकांना ‘ण’ च्या जागी ‘न’ खटकत असेल, तर खटकू द्यावा. फक्त प्रमाण मराठीतील वाक्य लिहून मागाहून त्याला बोलीचे टाके घालू नका, तो टाका लगेच दिसतो.

आणखी एक. या मालिकेचे सोळाही भाग वुड यांनी एकटीने लिहिले, आणि प्रत्येक भाग प्रेक्षकांसमोर दोनदा चित्रित होई : पहिल्या दिवशी जेथे हशा पडला नाही, तेथे त्या रातोरात नवी वाक्ये लिहीत आणि दुसऱ्या दिवशी बिचाऱ्या नटांना ती पाठ करावी लागत. तुम्ही तुमचा प्रवेश आमच्याकडे वाचण्यास पाठवणार असल्याचे कळवले आहे. मंडईत त्याचा एक प्रयोग होऊ द्या आणि नंतर दुरुस्त केलेली प्रत पाठवा.