घरचा ड्रम सँडर: मोटरीच्या आधी ड्रम आणि टेबल बघा

भाऊ, शिसवीच्या दोन-अडीच मिलिमीटरच्या पट्ट्या रंध्याच्या मशीनवर फाटतात म्हणून तासगावात घरीच ड्रम सँडर, म्हणजे फिरत्या ड्रमवर पॉलिश पेपर गुंडाळून लाकूड घासणारं मशीन, करायचाय, असं तुम्ही लिहिलंय. ड्रमला पीव्हीसी पाईप चालेल का आणि कडबा कुट्टीची जुनी दोन एचपीची मोटर पुरेल का, हे दोन प्रश्न आहेत. मोटर पुरेल. पाईप मात्र नको. पाईप मुळातच पूर्ण गोल नसतो, मधे दबतो आणि घासून तापला की मऊ पडतो. जाड पट्टीत हे खपून जातं, पण अडीच मिलिमीटरच्या पट्टीत पाव मिलिमीटरचा फरकसुद्धा लगेच दिसतो. ड्रम गोल आहे आणि टेबलाला समांतर आहे, या दोन गोष्टी साधल्या की मशीन साधलं.

माझा पहिला ड्रम एमडीएफच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीच्या, चकत्यांचा होता. एमडीएफ घासून फार सुरेख गोल होतो. पण २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात माझं सांगलीतलं वर्कशॉप पाण्यात गेलं आणि तो ड्रम फुगून उकलला. म्हणून दुसरा मरीन प्लायचा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचा, केला. १९ मिलिमीटरच्या चोवीस चकत्या, म्हणजे ४५६ मिलिमीटर, साधारण दीड फूट रुंदी. व्यास पाच इंच. चकत्या पाव इंच मोठ्याच कापा, नंतर घासून मापात आणायच्या आहेत. मधे २५ मिलिमीटरचं भोक, त्यात शाफ्ट म्हणून २५ चा ब्राईट बार (गुळगुळीत गोल लोखंडी सळई), दोन्ही टोकांना यूसीपी २०५ ची पेडेस्टल बेअरिंगं, म्हणजे पायावर बोल्टनं बसणारी बेअरिंगं. शाफ्ट भंगारातून घेऊ नका. मी घेतला होता, अर्धा मिलिमीटर वाकडा निघाला आणि सगळं मशीन थरथरायचं. चकत्या एकमेकींना फेविकॉलनं चिकटवून शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवा, शाफ्टवर अॅरल्डाइट (दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद) लावा, आणि दोन्ही टोकांच्या चकत्यांमधून शाफ्टमध्ये आरपार पिना ठोका. नुसत्या अॅरल्डाइटवर विसंबू नका.

टेबल वर-खाली करायला चार कोपऱ्यांत चार स्क्रू लावायच्या भानगडीत पडू नका, चारही सारखे फिरवणं जमत नाही. मागच्या बाजूला पूर्ण रुंदीची लांब बिजागरी आणि पुढच्या बाजूला मधोमध एकच एम १० चा आटेवाला रॉड, बस्स. टेबल पुढे-मागे तिरकं होईल ही भीती बऱ्याच जणांना वाटते. पण ड्रम लाकडाला एका आडव्या रेषेवरच टेकतो, त्यामुळे पुढे-मागे उतार असला तरी जाडीत फरक पडत नाही. डावी-उजवी बाजू सारखी असली पाहिजे. या रचनेत आणखी एक सोय आहे. एम १० चा आटा दीड मिलिमीटरचा असतो, म्हणजे एका फेऱ्याला रॉड तेवढा सरकतो. ड्रम बिजागरी आणि रॉड यांच्या बरोबर मधे ठेवला तर एका फेऱ्याला टेबल ड्रमखाली पाऊण मिलिमीटर चढतं, म्हणजे पाव फेऱ्याला जेमतेम ०.२. एका वेळेला तेवढंच घ्यायचं.

आता ड्रम गोल करायचा. लेथवर न्यायची गरज नाही. एका सपाट बोर्डावर ४० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, तो टेबलावर शिकंज्यानं घट्ट धरा, मोटर चालू करा आणि टेबल केसाकेसानं वर चढवत जा. ड्रम स्वतःच घासून गोल होतो, आणि त्याच टेबलावर घासला गेल्यामुळे त्याला समांतरही होतो. मला दोन तास लागले. घाई करू नका, प्लाय तापू द्यायचा नाही. मग लाखेच्या पॉलिशचे तीन हात द्या, म्हणजे पावसाळ्यात दमट हवा आत शिरत नाही.

मोटरीच्या पाटीवर आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, बघा. कडबा कुट्टीच्या काही मोटरी १४४० च्या असतात, काही २८८० च्या. १४४० ची असेल तर मोटरीला तीन इंची आणि ड्रमला चार इंची पुली लावा, ड्रम १०८० नं फिरेल. मी आधी सारख्याच पुल्या लावल्या होत्या, शिसवीवर काळे पट्टे यायचे.

ड्रमवर गुंडाळायचा पॉलिश पेपर कापडी पाठीचा रोल घ्या, चार इंच म्हणजे १०० मिलिमीटर रुंद. तो ड्रमवर तिरका गुंडाळतात, म्हणून दोन्ही टोकं तिरकी कापावी लागतात, आणि इथेच बहुतेकांचा कागद वाया जातो. सूत्र सोपं आहे: तिरक्या कापाची लांबी ड्रमच्या घेराएवढी. पाच इंची ड्रमचा घेर ३९९ मिलिमीटर. म्हणजे शंभरच्या रुंदीला कडेवर ३८६ वर खूण करून तिरकं कापायचं. दुसरं टोक त्याला समांतर. एका गुंडाळीला सव्वादोन मीटर रोल पुरतो. टोकं दोऱ्याच्या चिकटपट्टीनं बांधा, आणि ड्रम फिरताना कागद आवळला जाईल अशाच दिशेनं गुंडाळा. वेल्क्रो लावणं सोयीचं असतं, पण ते दबतं आणि पट्टीच्या कडा गोल होतात. तुमच्या कामाला मी ते वापरणार नाही. शिसवीला ८० नंबर, शेवटी १२०. त्याच्या पुढचं हातानं घासा.

लाकूड नेहमी ड्रमच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेनं सारायचं. उलट दिलंत तर ड्रम ते हातातून ओढून पलीकडे फेकतो. आणि बरोबर दिशेनं दिलेलं असलं तरी समोर उभं राहू नका, बाजूला राहा. सुरुवातीला एकदा सहा इंचाचा तुकडा माझ्या पोटावर येऊन बसला होता. तेव्हापासून फुटापेक्षा कमी लांबीचा तुकडा मी सुटा देत नाही. हातमोजे घालू नका, कागदात अडकले तर हात ओढला जातो. बेल्ट आणि ड्रम दोन्हीवर झाकण हवंच. दोन फुटी पट्टीला वीस-पंचवीस सेकंद लागले पाहिजेत, आणि मधे थांबायचं नाही. थांबलात तिथे खळगा पडतो.

तीन मिलिमीटरच्या खाली पट्टी एकटी जाऊ देऊ नका. सपाट एमडीएफच्या फळीवर दुतोंडी टेपनं चिकटवून फळीसकट सारा. सोडवताना ओढू नका, पातळ पात्यानं हळू उचला. आमच्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली तबली, म्हणजे सतारीच्या भोपळ्यावरची लाकडी फळी, मात्र या मशीनवर होणार नाही, ती मधे फुगीर असते आणि हातानंच उतरते. सपाट पट्टीचंच हे काम.

कागद भरला की जुन्या चपलेचा क्रेप रबराचा तळ फिरत्या ड्रमवर हलकाच टेकवा, भुसा निघून येतो. शिसवीपेक्षा सागवानाला हे जास्त लागतं, त्यात तेल असतं.

धुळीचं मनापासून सांगतो. शिसवीच्या भुश्यानं अंगाला खाज येते, दम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींमध्ये धरली आहे. ड्रमवर पत्र्याचं झाकण करून त्याला व्हॅक्युमचा पाईप जोडा, आणि वर एन ९५ मास्क लावाच. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. हा खर्च मोटरीच्या आधी धरा. पाटीवरचा आरपीएम वाचून कळवा, २८८० असेल तर पुल्यांची वेगळी मापं काढून देतो.