वाचकांचे प्रश्न : लग्नासाठी परदेशी जाताना

परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांकडे लग्नाला जाण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या वकिलातीचं संकेतस्थळ एकदा उघडून पाहाच.

प्रश्न : पुतणीचं लग्न सात महिन्यांनी आहे. लग्नानंतर चार महिन्यांनी माझा पासपोर्ट संपतो. तो चालेल ना? आणि आधी तिकीट काढायचं की व्हिसा?

उत्तर : त्या पासपोर्टवर विसंबू नका. बरेच देश प्रवेशाच्या दिवसापासून पुढे सहा महिन्यांची मुदत मागतात. युरोपातल्या शेंगेन देशांचा (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा) हिशेब वेगळा आहे : तिथून निघाल्यानंतर किमान तीन महिने मुदत उरलेली हवी, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. ही तपासणी तिथे उतरल्यावर नाही, निघतानाच चेक-इनच्या खिडकीवर होते. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होऊ शकतो, शिवाय त्याला परत आणण्याचा भारही तिच्यावरच. त्यामुळे खिडकीवरचा माणूस गयावया करून ऐकत नाही. पासपोर्टमध्ये समोरासमोरची दोन पानं कोरी आहेत का, तेही बघा.

नूतनीकरण आधी करा, कारण व्हिसाच्या अर्जात पासपोर्टचा क्रमांक जातो. नंतर पासपोर्ट बदलला की गुंता वाढतो. तिथून पुढचं सगळं लग्नाच्या तारखेपासून मागे मोजत या. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, शंका निघाली तर ४५पर्यंत. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासून मागता येतो. अमेरिकेसाठी मुलाखतीची तारीख मिळणं हाच मोठा टप्पा, आणि काही ठिकाणी ती महिनोन् महिने पुढची मिळते. माणसं इथेच फसतात. 'पंधरा दिवसांत व्हिसा' हे वाचतात, पण ते पंधरा दिवस अर्ज हातात पडल्यावर सुरू होतात, अपॉइंटमेंट शोधायला बसल्यावर नव्हे. सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंटच मिळत नाही.

तिकिटाचं म्हणाल तर अर्जाला बहुधा प्रवासाचा आराखडा किंवा आरक्षण पुरतं, पैसे भरलेलं तिकीट लागत नाही. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नये. लग्नासाठी तारीख बदलता येणारं तिकीट थोडं महाग पडलं तरी घ्यावं, असं आमचं मत आहे. लग्नाच्या तारखा सरकतात.

प्रश्न : मुलगी परदेशात असते. तिच्या नणंदेच्या लग्नाला आम्ही दोघं जाणार आणि नंतर तीन महिने मुलीकडे राहणार. निमंत्रणपत्रात काय लिहावं? 'नातवाला सांभाळायला येत आहेत' असं लिहिलं तर कारण भक्कम होईल का?

उत्तर : तेच वाक्य अंगाशी येईल. पाहुण्यांच्या व्हिसावर काम करायची परवानगी नसते, आणि मूल सांभाळणं हाच येण्याचा मुख्य हेतू दिसला तर अधिकारी त्याला पाळणाघराचं काम समजू शकतात, मग पैसे मिळोत की न मिळोत. आजी-आजोबा घरात असले की नातवाला घेणारच, त्याला कोणी हरकत घेत नाही. प्रश्न हेतूचा असतो. तुमचा खरा हेतू लग्नाला हजर राहणं आणि मुलीला भेटणं हा असेल, तर तोच लिहा आणि विचारल्यावर तोच सांगा. मुलीची सुट्टी संपल्यावर बाळाकडे बघण्यासाठीच तीन महिने ठेवले असतील, तर बेत आधी बदला. शब्द बदलून भागणार नाही.

पत्र एका पानाचं पुरे. मुलीचं पूर्ण नाव, पत्ता, तिथला तिचा दर्जा (नागरिक, कायम रहिवासी की कामाचा व्हिसा) आणि त्याच्या पुराव्याची प्रत. तुमची नावं पासपोर्टवर आहेत तशीच, पासपोर्ट क्रमांकासह. नातं काय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, राहणार कुठे, खर्च कोण कोणता उचलणार. मग लग्नाची तारीख, ठिकाण आणि नवरीशी तुमचं नातं. खाली सही आणि दिनांक. सोबत लग्नाची पत्रिका, शक्य असल्यास सभागृहाच्या आरक्षणाची पावती, आणि मुलीचा जन्मदाखला, कारण 'ही माझी मुलगी' हेही कागदावर दाखवावं लागतं. काही देशांत साध्या पत्रावर भागत नाही. फ्रान्समध्ये घरी पाहुणे ठेवणाऱ्याला नगरपालिकेकडून स्वागताचा दाखला घ्यावा लागतो. जर्मनीत खर्चाची हमी घेणारा नातेवाईक परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन औपचारिक हमीपत्र करतो. या कामांना तिथेही वेळ लागतो, म्हणून मुलीला आजच कळवा.

नकार बहुतेकदा एकाच शंकेपोटी येतो : हे परत जातील का? अमेरिकेच्या कायद्यात तर पाहुणा कायमचा राहायलाच आला आहे असं गृहीत धरलेलं आहे, आणि ते खोडण्याची जबाबदारी अर्जदाराची. म्हणून परतण्याची कारणं दाखवा : नोकरी किंवा निवृत्तिवेतन, घर, मागे राहणारं कुटुंब, आधीच्या प्रवासांतून वेळेवर परतल्याचे शिक्के. बँकेच्या खात्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम आली की ती मदतीपेक्षा संशय जास्त वाढवते. मुलीने पाठवली असेल तर तसं लिहून द्या. आणि अर्जात तीन आठवडे, आरक्षणात तीन महिने, पत्रात 'सध्या ठरलेलं नाही' असा प्रकार नको. नामंजुरी लपवूही नका. पुढच्या अर्जात 'आधी व्हिसा नाकारला होता का' हा प्रश्न असतो, आणि खोटं उत्तर मूळ नकारापेक्षा जास्त नडतं.

व्हिसाची मुदत आणि राहण्याची मुदत एक नसते. अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते आणि ऑनलाइन दिसते. उतरल्यावर दोन दिवसांत ती उघडून बघा. त्या तारखेच्या पुढे राहिलात तर तो व्हिसा बाद होतो.

प्रश्न : दीर जर्मनीत असतात, त्यांच्या मुलाचं लग्न इटलीत आहे. मध्येच चार दिवस लंडनला भावाकडे जायचं आहे. व्हिसा कुणाचा काढायचा, आणि नव्वद दिवस कसे मोजायचे?

उत्तर : शेंगेन व्हिसा मुख्य मुक्कामाच्या देशाकडे मागायचा. जर्मनीत चाळीस दिवस आणि इटलीत पाच, तर अर्ज जर्मनीकडे. दोन्हीकडे सारखेच दिवस असतील तर ज्या देशातून आत शिराल त्याच्याकडे. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, आयर्लंडही नाही. म्हणजे लंडनसाठी स्वतंत्र व्हिसा, आणि लंडनहून परत जर्मनीला यायचं तर शेंगेन व्हिसावर किमान दोन प्रवेश हवेत. एकच प्रवेश असेल तर लंडनला गेल्याक्षणी तो संपला. अर्जात प्रवेशांची संख्या विचारलेली असते. तिथे विचार न करता 'एक' वर खूण करणारे पुष्कळ आहेत.

दिवसांचा नियम असा : कुठल्याही १८० दिवसांच्या खिडकीत, म्हणजे त्या त्या दिवसासह मागे मोजलेल्या १८० दिवसांत, ९० दिवस. आत आल्याचा आणि बाहेर पडल्याचा, दोन्ही दिवस धरायचे. समजा १ मार्चला आलात आणि २९ मेला निघालात. मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे २९, झाले ९०. आता १ मार्च हा दिवस खिडकीतून बाहेर पडेपर्यंत पुन्हा येता येत नाही. तो २८ ऑगस्टला बाहेर पडतो. खिडकी दर दिवशी एकेक दिवस पुढे सरकते, कॅलेंडरचं अर्धवर्ष बदललं म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. मात्र हे कमाल माप आहे. व्हिसावर तीस दिवस छापले असतील तर तुमचे तीसच.

प्रश्न : लग्नानंतर माझं आडनाव बदललं, पासपोर्टवर जुनंच आहे. तिकीट कोणत्या नावाने?

उत्तर : पासपोर्टच्या. त्यावरच्या तळच्या दोन ओळी, म्हणजे यंत्राने वाचायचा भाग, तिकिटाशी जुळला पाहिजे. एखाद्या अक्षराची चूक कंपनी बहुधा सुधारून देते. पूर्ण आडनाव बदलायचं म्हटलं तर नवीन तिकीट काढा म्हणतात. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा मोकळी आहे, त्यांनी जास्त सावध राहावं. २०२२च्या नोव्हेंबरपासून संयुक्त अरब अमिरातीने एकाच शब्दाच्या नावावर पर्यटक व्हिसाने प्रवेश देणं थांबवलं. अमेरिकेचा चालू व्हिसा जुन्या, संपलेल्या पासपोर्टवर असेल, तर जुना-नवा दोन्ही पासपोर्ट सोबत न्या. व्हिसा चालतो, पण तो फाटलेला किंवा खराब झालेला नको.

प्रश्न : कपडे, दागिने, आहेर... सामान कसं भरायचं? मागच्या वेळी बॅग चार दिवस उशिरा आली.

उत्तर : लग्नात घालायचे कपडे केबिन बॅगेत. दोघं जात असाल तर चेक-इनच्या बॅगा वाटून भरा : दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे-निम्मे. एक बॅग हरवली तरी दोघांचंही भागतं.

दागिने, रोकड, औषधं आणि कागद चेक-इनच्या बॅगेत कधीच नको. अंगावरचे, परत नेण्याचे दागिने आणि तिथे भेट द्यायचे दागिने यांत कस्टम्स फरक करतं. भेट म्हणून देणार ती वस्तू आयात ठरते आणि ठरावीक किमतीपुढे शुल्क लागतं. पावत्या किंवा मूल्यांकनाचा दाखला आणि दागिन्यांचे फोटो ठेवा. मौल्यवान दागिने घेऊन निघताना कस्टम्सकडून नोंद करून मिळत असेल तर ती घ्याच, नाहीतर परतताना ते नवे घेतले नाहीत हे पटवत बसावं लागतं. आहेराची रोकड अनेकांच्या पाकिटात विखुरली तरी अमेरिकेत एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची ती एकच धरली जाते : १०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर जाहीर करायची. युरोपीय संघात ही मर्यादा माणशी १०,००० युरो आहे. जाहीर करण्यावर कर नसतो. लपवली तर मात्र जप्त होऊ शकते.

भेटवस्तू कागदात बांधून नेऊ नका. सुरक्षा तपासणीत शंका आली की तो कागद फाडावा लागतो. बांधायचा कागद घडी करून न्या. अत्तराची मोठी बाटली चेक-इनमध्ये, कारण केबिनमध्ये १०० मिलिलिटरची मर्यादा अजून बहुतेक ठिकाणी लागू आहे. पॉवर बँक याच्या उलट : फक्त केबिनमध्ये, आणि १०० वॅट-तासांपर्यंत विनापरवानगी. हिशेब सोपा आहे. पॉवर बँकेवर छापलेली क्षमता, समजा २०,००० एमएएच, गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले १०००, म्हणजे ७४ वॅट-तास. केस सरळ करायच्या यंत्रावर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. फक्त २२०-२४० लिहिलेलं यंत्र अमेरिकेत जेमतेम कोमट होतं. तिथलं फक्त १२० चं यंत्र २३० वर लावलं तर जळतं. प्लग बदलणाऱ्या अडॅप्टरने व्होल्टेज बदलत नाही.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीच्या सामान कक्षात लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. माँट्रियल करार (विमान कंपन्यांच्या जबाबदारीबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असलेल्या प्रवासात मोडतोडीची तक्रार ७ दिवसांत आणि उशिराची, बॅग मिळाल्यापासून २१ दिवसांत, लेखी करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). तेवढे आपोआप मिळत नाहीत, झालेल्या खर्चाच्या पावत्या लागतात.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या, मधुमेह आणि रक्तदाब आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : इन्सुलिन केबिनमध्येच, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं निकामी होतं. डॉक्टरांकडून औषधांच्या मूळ नावांसह चिठ्ठी घ्या (ब्रँडचं नाव परदेशी दुकानदाराला कळेलच असं नाही). सुया आणि पेन यांचा उल्लेख त्यात हवा. पाच-सहा तासांचा फरक पडतो तेव्हा डोस कसा बसवायचा, हे निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारा. काही औषधं काही देशांत नियंत्रित आहेत : अमिरातीत ट्रॅमाडॉल आणि कोडीनला आगाऊ मंजुरी लागते. सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये नेता येत नाही. खोकल्याचं औषध म्हणून सहज बॅगेत टाकलेली बाटली याच कचाट्यात सापडते.

व्हीलचेअर किमान ४८ तास आधी सांगून ठेवा आणि दोन विमानांच्या मध्ये वेळ भरपूर ठेवा. अमेरिकेत पुढचं विमान देशांतर्गत असेल, तर पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन, सामान उचलणं आणि पुन्हा देणं हे सगळं करावं लागतं. दीड तासात ते जमत नाही. दोन वेगवेगळ्या तिकिटांवर प्रवास करून पुढचं विमान चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. वृद्ध माणसासाठी सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, असावा.

विम्याला शेंगेनमध्ये किमान ३०,००० युरोंचं संरक्षण हवं. खरा प्रश्न पूर्वीच्या आजारांचा आहे. ते अर्जात लिहिले नाहीत तर दावा नाकारला जातो. लिहिले तरी कोणत्या मर्यादेपर्यंत भरपाई आहे, ते ओळ न् ओळ वाचा.

प्रश्न : लग्नाच्या आदल्या दिवशी पोचलो तर चालेल?

उत्तर : शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं, आणि पूर्वेकडे जाताना जास्त जड जातं. सहा तासांचा फरक असेल तर किमान चार दिवस आधी पोचा. उशिरा येणाऱ्या बॅगेलाही तेवढा वेळ मिळतो. आणखी एक घोळ वारंवार होतो. तिकिटावर '१२ तारीख, ००:३५' असं असेल तर तुम्हाला विमानतळावर ११ तारखेच्या रात्री जायचं आहे. १२ च्या रात्री गेलात तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो.

प्रश्न : मी एकटी मुलाला घेऊन जाणार आहे. नवऱ्याला रजा नाही.

उत्तर : त्यांचं संमतीपत्र नोटरी करून घ्या. त्यात मुलाचं नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, कुणासोबत आणि कुठे, तसंच वडिलांचा फोन नंबर हवा. जन्मदाखल्याची प्रत सोबत न्या, विशेषतः मुलाचं आणि तुमचं आडनाव वेगळं असेल तर. काही देश हे मागतात, काही मागत नाहीत, पण मागितल्यावर मध्यरात्री नोटरी मिळत नाही. वडिलांचा फोन त्या रात्री चालू राहील एवढं सांगून ठेवा.