पत्रात अर्ध्या ओळीत आलेली ॲक्टिव्हा

प्रश्न : माझं वय ६७. त्रिमूर्तीनगरला राहतो, वीज खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. १९८९ साली घेतलेली बुलेट ३५० अजून माझ्याकडे आहे. उजव्या पायाचा गिअर, किकस्टार्ट, सगळं मूळचं. दर रविवारी आम्ही पाच-सहा जुने मित्र पहाटे निघतो. कधी रामटेक-खिंडसी, कधी आदासा, कधी नुसता फुटाळ्यावर चहा. गेल्या महिन्यात घरात शिरताना गाडी पडली. समोरचा रस्ता सिमेंटचा झाल्यापासून आमचं फाटक खाली गेलं आहे, वळून उतारावर घ्यावं लागतं. अगदी हळू होतो. ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे कलंडली, ती सावरलीच नाही. शेजारच्या दोन मुलांनी येऊन उचलली. मला थोडं खरचटलं, पण मनाला फार लागलं. इतक्या वर्षांत मी उभ्या गाडीवरून कधी पडलो नव्हतो. गुडघे कुरकुरतात, मान आखडते, मध्ये शंकरनगर चौकात डावीकडून ॲक्टिव्हा आली ती दिसली नाही, पण त्या मुलीनं ब्रेक मारला. सौ. वर्षभरापासून मागे बसत नाही, ऑटोनं येते म्हणते. पुण्याचा मुलगा रोज फोनवर म्हणतो, "बाबा, विकून टाका." मित्र म्हणतात, "काही होत नाही, फक्त रविवारी काढत जा." मी काय करावं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. तुम्ही बुलेट पडल्याचं सात-आठ ओळींत लिहिलंत आणि ॲक्टिव्हाचं अर्ध्या ओळीत, तेही गुडघे आणि मान यांच्या रांगेत बसवून. मला मात्र तुमच्या पत्रातली खरी गोष्ट ती ॲक्टिव्हाच वाटते.

आधी पडण्याचं बघू, कारण तुम्ही त्याचा जीवाला फार घोर लावून घेतलाय. दीडशे किलोच्या वरची गाडी चालत असते तोवर स्वतःच तोल धरते. माणूस चालतो त्याहूनही वेग कमी झाला की सगळा भार तुमच्या पायावर. त्यात हँडल डावीकडे वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला, तर गाडी डावीकडेच झोपते, मग चालवणारा पंचविशीचा असो की पासष्टीचा. शिवाय तुमच्या बुलेटचा मागचा ब्रेक डाव्या पायात. तो पाय ब्रेकवर, गाडी त्याच बाजूला कलते आहे, आणि खाली उतार. पाय टेकायला जमीन लागते तोवर वेळ गेलेली असते. म्हणजे ही चूक बऱ्याच अंशी जागेची आणि हाताची आहे. फाटकाशी येताना हँडल सरळ करून मगच थांबायचं, आणि उतारावर पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, एवढ्यानं ती टळते. उतरून, इंजिन बंद करून गाडी आत ढकलली तरी कुणी नावं ठेवणार नाही. यासाठी बुलेट सोडायची गरज नाही.

ॲक्टिव्हाचं तसं नाही. ती मुलगी सावध होती म्हणून निभावलं. तुम्ही काही केलं म्हणून नाही.

ती का दिसली नाही, हे शोधून काढल्याशिवाय पुढचा कोणताच निर्णय घेऊ नका. तीन कारणं असू शकतात. एक, आरसा. त्या काळच्या बुलेटला बहुतेकांनी उजवीकडेच आरसा ठेवलेला असतो, तुमच्याही गाडीला डावा नसेल तर आजच लावून घ्या. दुसरं, मान. मणक्याचा त्रास असेल तर मान खांद्यापर्यंत वळत नाही, आणि आपण वळून बघितलं असं आपल्याला उगाच वाटत राहतं. तिसरं कारण मला सगळ्यात जास्त भिववतं, ते म्हणजे काचबिंदू. मोतीबिंदूत धूसर दिसतं, समोरचा दिवा फुटल्यासारखा पसरतो, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, समोरचं स्वच्छ दिसत राहतं, आणि कडेची नजर हळूहळू जाते. पेपर वाचता येतो, दुकानाची पाटी वाचता येते, आणि बाजूनं येणारं वाहन मात्र एकदम उगवल्यासारखं समोर येतं. नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन डोळ्यांचा दाब बघून घ्या आणि फील्ड टेस्ट करा म्हणून स्वतः सांगा. हनुवटी टेकवून मधल्या दिव्याकडे बघत बसायचं, कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं, एकेका डोळ्यानं. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे.

सोबत औषधांची चिठ्ठी न्या. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठल्या-वळल्यावर चक्कर येते. सर्दीच्या काही गोळ्यांनी दिवसा पेंग येते. साखर जुनी असेल तर तळपायाची जाणीव कमी होते, आणि ब्रेकवर पाय किती दाबला हे पायालाच कळत नाही. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा मारही महागात पडतो. हे सगळं डॉक्टरांना माहीत असतं, पण तुम्ही मोटारसायकल चालवता हे त्यांना माहीत नसतं. पासष्टीच्या माणसाला कुणी ते विचारत नाही. तुम्हीच सांगा.

आता माझं सांगतो. माझी १९८२ ची येझदी होती, किकचा आणि गिअरचा एकच दांडा असलेली. ६८ व्या वर्षी सोडली, त्याला आता पाच वर्षं झाली. मार्गशीर्षातली संध्याकाळ होती, बुटीबोरीहून परत येत होतो. वर्धा रोडवर समोरच्या गाड्यांचे पांढरे दिवे डोळ्यांत घुसत होते. एक दिवा बाजूला गेला आणि माझ्या पुढच्या चाकासमोर एक हातगाडी होती. केळ्यांची. रिकामी, फक्त दोन फण्या आणि वर दुमडलेलं गोणपाट. मी थांबलो तेव्हा मडगार्ड आणि गाडीची फळी यांच्यात वीतभर जागा होती. गाडीवाल्यानं वळून बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "काका, दिसलो नाही का मी?" त्यानं शिवी दिली असती तर मी भांडलो असतो आणि विसरलो असतो. त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आठ दिवस मी घरात कुणाला काही सांगितलं नाही.

वय वाढलं की अंधारात डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, उजेडच कमी शिरतो, आणि दिवा डोळ्यावर पडून गेल्यावर नजर सावरायलाही जास्त वेळ लागतो. हे मी नंतर डॉक्टरांकडून समजून घेतलं. त्या दिवशी एवढंच कळलं की हातगाडी तिथे आधीपासून होती.

मग मी एक केलं, ते तुम्हीही करा. माझी पेट्रोलची वही होती, तुमचीही असणारच, आपल्या पिढीत ॲव्हरेज लिहिल्याशिवाय कोण गाडी चालवायचं? त्याच वहीत मी शेवटच्या पानापासून उलटं लिहायला लागलो : कुठे चुकलं, किती वाजता, कोण वाचलं आणि कुणामुळे. इंडिकेटर बंद करायचा राहिला, तेही लिहायचं. तीन महिन्यांत अकरा नोंदी झाल्या. सात अंधार पडल्यानंतरच्या. आणि चार ठिकाणी "समोरच्यामुळे वाचलो" असं माझ्याच अक्षरात होतं. मुलाचं ऐकलं नव्हतं, डॉक्टरचं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. त्या चार ओळींशी मला वाद घालता आला नाही.

तुमच्या मित्रांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण चुकीचा आहे. "फक्त रविवारी काढत जा" यानं धोका वाढतो. गाडी रोज हातात असते तोवर क्लच किती सुटला, पुढचा काय करणार, हे हातापायांना आपोआप कळतं. आठवड्यात एकदाच बसणाऱ्याचं ते बोथट होतं, आणि पस्तीस वर्षांचा विश्वास मात्र तेवढाच राहतो. कमी करायचंच तर रस्ते आणि वेळा कमी करा, दिवस करू नका. रोज सकाळी सात ते नऊ, त्रिमूर्तीनगर ते फुटाळा आणि परत, ओळखीच्या रस्त्यानं. अंधारात नाही, पावसात नाही, मे महिन्याच्या दुपारी नाही. संक्रांतीच्या आठवड्यात तर गाडी स्टँडवरून काढूच नका, नायलॉन मांजा गळ्याला लागल्यावर अनुभवाचा काही उपयोग नसतो. रामटेकचा हायवे तूर्त बंद.

कुणी तुम्हाला नवी गाडी घ्या म्हणेल, बटण स्टार्टची. त्या मोहात पडू नका. नव्या गाड्यांचा गिअर डाव्या पायात आणि ब्रेक उजव्या. एरवी तुम्ही आठ दिवसांत शिकाल, पण घाबरल्या क्षणी पाय जुन्याच जागी जाईल आणि ब्रेक समजून गिअर दाबेल. स्कूटरचंही तेच : जिथे तुमचा क्लच होता तिथे मागचा ब्रेक असतो, आणि पायात ब्रेकच नाही. वजन एकशेदहा किलोच्या आतबाहेर म्हणून उचलायला सोपी, पण चाकं लहान, आणि बुलेटच्या मोठ्या चाकाला जो खड्डा जाणवतही नाही त्यात ती आदळते. घ्यायचीच असेल तर आधी महिनाभर मोकळ्या मैदानावर.

काकूंबद्दल. ती बाई तीस-पस्तीस वर्षं तुमच्या मागे बसली. गाडी कशी चाललीय हे मागे बसणाऱ्याला चालवणाऱ्याच्या आधी कळतं, ब्रेक उशिरा लागला की त्याचा हिसका तिला बसतो. वर्षभरापूर्वी तिनं बसणं सोडलं, म्हणजे तिला काहीतरी जाणवलं आणि तुम्हाला लागू नये म्हणून ती ऑटोचं कारण सांगते, असं मला वाटतं. आज संध्याकाळी विचारा. कारण काढायला नाही, ऐकायला. मध्ये बोलू नका.

तपासणीत कडेची नजर गेलेली निघाली, तर त्याच दिवशी थांबा. "शेवटची एकदा रामटेकला नेतो" हे करू नका, मी हात जोडून सांगतो. शेवटची फेरी म्हणून निघालेल्या माणसाचं मन रस्त्यावर नसतं. माझी शेवटची फेरी कोणती होती ते मला तेव्हा माहीत नव्हतं. बर्डीहून मेथीची जुडी घेऊन आलो, एवढंच आठवतं. बरंच झालं.

परवान्यावर विसंबू नका. पंचावन्न ओलांडल्यावर तो पाच-पाच वर्षांसाठी मिळतो, डॉक्टरच्या दाखल्यावर, आणि पाच वर्षांत डोळा कुठल्या कुठे जातो. छापील तारीख तुमच्या नजरेबद्दल काही सांगत नाही.

गाडी सोडायची ठरलीच तर ओसरीत कापड टाकून ठेवायची की द्यायची? माझं मत, द्यावी, आणि चालवणाऱ्याला द्यावी. डोळ्यासमोर चालू स्थितीत असली की एखाद्या ढगाळ सकाळी हात किल्लीकडे जातो. माझी येझदी महालातल्या माझ्या मिस्त्रीच्या मुलानं घेतली, आवाज लांबून ओळखतो मी. मात्र कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी हवाली करू नका. नमुना २९ आणि ३० नीट भरा, विकल्याची माहिती १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला द्या, आणि आरसीवर नाव बदललेलं स्वतः बघा. तोवर कागदावर मालक तुम्हीच, आणि त्या गाडीनं कुणाला धडक दिली तर नोटीस तुमच्याच दारी येते. आरसीची मुदत संपली असेल तर आधी नूतनीकरण, पंधरा वर्षांनंतर ते दर पाच वर्षांनी करावं लागतं.

आणि रविवार मोडू देऊ नका. गाडी सुटली तेव्हा मी आधी दोन महिने मित्रांचे फोनच घेतले नाहीत, ती माझी मोठी चूक. तुम्ही त्यांच्या आधी निघा. गणेशपेठच्या स्टँडवरून रामटेकची एसटी मिळते, पासष्ट झाल्यामुळे तुम्हाला अर्धं तिकीट, काकूंनाही अर्धंच. तुम्ही दोघं पोहोचून चहा सांगितलेला असेल तेव्हा त्यांच्या गाड्या येतील. हेल्मेट काढताना त्यातला एखादा तुमच्या वयाचा मित्र हळूच विचारेल, डोळे कुठे तपासले म्हणून.

तपासणी याच आठवड्यात करा. आणि त्या दिवशी बुलेटनं जाऊ नका. बाहुली मोठी करायला डोळ्यांत थेंब घालतात, त्यानंतर काही तास उन्हात नीट दिसत नाही. ऑटोनं जा, काकूंना सोबत घ्या. काय निघालं ते मला कळवा, मी वाट बघतो.