देव मानत नाही, पण गौरी दारात आल्या आहेत

वाचकांचे प्रश्न

या वेळचे पाचही प्रश्न श्रद्धा गेल्यानंतरचे आहेत. देव आहे की नाही, हे कुणीच विचारलेलं नाही. सगळ्यांचं अडलंय ते घरात, कागदावर आणि मयतीला.

प्रश्न : दोन वर्षं झाली, माझा देवावर विश्वास राहिलेला नाही. तरी एसटीतून जाताना देऊळ दिसलं की हात आपोआप छातीकडे जातो. परीक्षेच्या आदल्या रात्री वाटतं, आता आपल्यावर कोप होणार. मी नास्तिक, अज्ञेयवादी की नुसताच ढोंगी? (विद्यार्थी, सोलापूर)

ढोंगी नक्कीच नाही. विचार बदलला तरी हाताची सवय मागून, बऱ्याच उशिराने बदलते. वीस वर्षं रोज केलेली गोष्ट दोन वर्षांत सुटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो हात मुद्दाम दाबून धरू नका. दाबला की देऊळ येण्याआधीपासूनच तुम्ही त्याचा विचार करत बसाल.

शब्दांचं म्हणाल तर अज्ञेयवाद ‘कळू शकतं का’ याबद्दल बोलतो आणि नास्तिकता ‘मी मानतो का’ याबद्दल. त्यामुळे एकच माणूस दोन्ही असू शकतो. आगरकरांना अज्ञेयवादी म्हणतात, पण त्यांच्या काळातल्या पुण्याने हा फरक पाहिला नाही. त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. आणखी एक घोळ घरात होतो. जुन्या दर्शनांच्या, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखांच्या, भाषेत वेदांचं प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. त्या हिशेबाने बौद्ध आणि जैन नास्तिक ठरतात, आणि ईश्वर न मानणारे सांख्य मात्र आस्तिक. आजोबा संस्कृत शिकलेले असतील तर वाद सुरू करण्याआधी दोघं एकाच शब्दाबद्दल बोलताय ना, हे बघून घ्या.

कोपाची भीती परीक्षा, आजारपण, अपघात अशा हतबल वेळीच वर येते. ती घालवायला मूर्तीला पाय लावून बघणं, आईच्या उपवासाला तिच्यासमोर ऑम्लेट खाणं असले प्रयोग करू नका. प्रयोगानंतर आठवडाभरात सायकल पंक्चर झाली तरी मन जोडणी करतं, आणि आई दुखावते ती वेगळीच. झोप किंवा जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल तर तो श्रद्धेचा प्रश्न समजत बसू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न : आमच्याकडे खड्याच्या नाही, मुखवट्यांच्या गौरी असतात. मी थोरली सून, त्यामुळे मुखवटा उंबऱ्यावरून मीच आत आणते. आता हे मनापासून होत नाही. यजमानही देव मानत नाहीत, पण त्यांना कुणी काही म्हणत नाही. (गृहिणी, कोल्हापूर जिल्हा)

तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळं आहे. नवरा नास्तिक झाला की तो पेपर वाचत बसतो आणि घर चालू राहतं. थोरली सून नास्तिक झाली की एक किलो डाळीचं पुरण कोण वाटणार, हा प्रश्न आधी उभा राहतो. देवाचा नंतर. त्यामुळे सासूबाईंना तुमचं म्हणणं ‘मी आता काम करणार नाही’ असं ऐकू जाण्याची शक्यता दाट आहे.

म्हणून काम आणि पूजा आधी स्वतःच्या मनात वेगळी करा. एका कागदावर तिन्ही दिवस मांडा : आवाहनाची भाजी-भाकरी, पूजनाच्या दिवशी पुरणपोळी आणि सोळा भाज्या, सवाष्णींचं जेवण, हळदीकुंकू, विसर्जन. कशात फक्त राबणं आहे आणि कशात हात जोडणं, यावर खुणा करा. बहुतेक बायकांना असं दिसतं, की नको असलेल्या गोष्टी तीन-चारच असतात. मुखवटा आत आणणं, ‘गौरी आल्या, कशाच्या पावलांनी’ याचं उत्तर देणं, ओवाळणं आणि नमस्कार.

बोलायचं श्रावण लागण्याआधी. भाद्रपदात बोललात तर घर आधीच दमलेलं असतं, आणि पाहुण्यांसमोर विषय निघाला की सासूबाईंना माघार घेता येत नाही. यजमानांशी आधी ठरवा. त्यांनी त्या वेळी खोलीतून उठून जायचं नाही, हेसुद्धा. मग थोडक्यात सांगा : “आई, स्वयंपाक आणि सवाष्णींचं मी बघीन. मुखवटा या वर्षीपासून धाकटीने आणावा, पूजेला ह्यांनी बसावं.” धाकट्या जावेला हे आधी विचारलेलं असावं. तिच्यावर ढकललं असं तिला वाटलं तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल.

कारण विचारलं तर “मला आता ते मनापासून जमत नाही” एवढं पुरे. ‘हे सगळं थोतांड आहे’ हे वाक्य खरं वाटत असलं तरी त्या दिवशी नको. सासूबाईंनी चाळीस वर्षं केलेलं तुम्ही एका शब्दात निकालात काढता, आणि मग भांडण गौरीचं राहत नाही. आणि यजमानांना पूजेला बसायचं नसेल, तर त्यांनीही या वर्षी ते स्वतःच्या तोंडाने आईला सांगावं.

प्रश्न : आम्ही दोघंही हिंदू घरातले, दोघंही देव मानत नाही. भटजी नको, सप्तपदी नको. एक एजंट म्हणतो, दोन दिवसांत नोंदणीचं प्रमाणपत्र काढून देतो. चालेल का? (पुणे)

नाही. हिंदू विवाह कायद्याखालची नोंदणी ही आधी झालेल्या लग्नाची नोंद असते. त्या कायद्याच्या कलम 7 नुसार लग्न होतं ते रूढ विधींनी. विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. एजंट कुठल्या तरी कार्यालयातून विधी झाल्याचा खोटा दाखला आणतो. पुढे वारसा, व्हिसा किंवा घटस्फोट निघाला की तोच दाखला तुमच्या गळ्यात येतो. तमिळनाडूने 1967 मध्ये कलम 7-अ घालून भटजीशिवायचे स्वाभिमान विवाह कायदेशीर केले. महाराष्ट्रात तसं कलम नाही.

तुमचा रस्ता विशेष विवाह कायदा, 1954. त्याला धर्म लागत नाही आणि विधीही लागत नाही. मुलगा 21, मुलगी 18 पूर्ण. दोघांपैकी एक जण नोटिशीच्या आधी किमान 30 दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला. नोटीस कार्यालयात लागते आणि 30 दिवस थांबावं लागतं. त्यानंतर, पण नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत, लग्न करावं लागतं. तीन महिने उलटले की सगळं पहिल्यापासून. दिवाळीची सुट्टी, मुलाचा परदेश दौरा, हॉलची तारीख या भानगडीत मुदत हुकते. तेव्हा हॉल नंतर ठरवा.

त्या दिवशी तीन साक्षीदार ओळखपत्रांसह हवेत. दोन पुरतात अशा समजुतीने येणारे तिसरा माणूस कार्यालयाच्या पायरीवर शोधत बसतात. अधिकाऱ्यासमोर दोघांनी म्हणायचं वाक्य एकच : मी अमुक, तुमचा कायदेशीर पती/पत्नी म्हणून स्वीकार करतो/करते. मग सह्या. हार घालायचे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

दोन सूचना. हरकत कुणालाही घेता येते, पण ती वय, आधीचा हयात जोडीदार, मानसिक अक्षमता आणि निषिद्ध नातं एवढ्याच कारणांवर टिकते. ‘आम्हाला पसंत नाही’ हे कारण नाही. दुसरी गोष्ट मामाच्या मुलीची. आपल्याकडे ती चालते, पण या कायद्याच्या यादीत ती निषिद्ध नात्यात आहे. शासनाने तुमच्या समाजाची तशी प्रथा अधिसूचित केलेली असेल तरच सूट. आणि दोघंही हिंदू असल्याने वारसाहक्क हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच चालतो (कलम 21-अ), वडिलोपार्जित मिळकतीची काळजी नको.

प्रश्न : मला दहावा-तेरावा नको, देहदान करायचं आहे. मुलगा तयार आहे. धाकटा भाऊ म्हणतो, पिंडच नाही तर कावळा शिवणार कशाला? (निवृत्त, सांगली)

फॉर्म भरला म्हणजे देहदान झालं, हा मोठा गैरसमज. मृत्यूनंतर निर्णय नातेवाइकांच्या हातात असतो. भावाने दारात अडवलं तर फॉर्म कपाटातच राहतो. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागातून फॉर्म घ्या. दोन साक्षीदारांपैकी एक तो धाकटा भाऊच असू दे. सही केलेला माणूस सहसा अडवत नाही.

मुलाला हे लिहून द्या. पहिला फोन नेत्रपेढीला, कारण डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पंखा बंद, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस, डोकं उशीवर थोडं उंच. मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा मधुमेह असला तरी नेत्रदान चालतं. दुसरा फोन महाविद्यालयाला. मग डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला; घरी मृत्यू झाला तर नमुना 4-अ. ओळखीचे डॉक्टर गावाला गेलेले असतात आणि तिथेच चार तास जातात, म्हणून दोन नंबर ठेवा. देह स्वीकारल्याचं पत्र घेतल्याशिवाय परतू नका. 21 दिवसांत मृत्युनोंदणी करायची असते, तिथे स्मशानाच्या पावतीऐवजी ते लागतं.

शवविच्छेदन झालेलं असेल, पोलीस केस असेल, एचआयव्ही किंवा कावीळ ब असेल तर देह नाकारतात. अंथरुणाला खिळून झालेल्या मोठ्या जखमा (शय्याव्रण) असतील तरी कुठे कुठे नकार मिळतो. तेव्हा ‘नाही घेतला तर विद्युतदाहिनी, विधीशिवाय’ हेही त्याच कागदावर असू द्या. नाहीतर नकार आला की सगळे भटजींना फोन लावतात.

कावळ्याबद्दल. पिंडाला तो शिवत नाही तेव्हा घाटावर माणसं काय करतात, आठवा. ‘तुझ्या नातीचं शिक्षण आम्ही करू’ असं मोठ्याने कबूल करतात. भावाला हवं आहे ते कदाचित तेवढंच. शोकसभेची तारीख आणि जागा मृत्यूच्या निरोपातच कळवा, तिथे भावाला पहिलं बोलू द्या. त्याने नंतर स्वतःच्या समाधानासाठी स्वतःच्या घरी श्राद्ध घातलं तर घालू दे, तुमची अडचण व्हायचं कारण नाही.

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात ‘निधर्मी’ लिहावं का? (ठाणे)

लिहिण्याचा हक्क आहे. धर्म सांगायची सक्ती करता येणार नाही आणि ‘कुठलाच धर्म नाही’ असं म्हणता येतं, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला. राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पण जातीच्या दाखल्याचा लाभ घेणार असाल तर थांबा. शाळेच्या दाखल्यावरची धर्म-जातीची नोंद जात पडताळणीत पहिला पुरावा असते. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात हिंदू, शीख आणि बौद्ध एवढेच धर्म आहेत. तिथे ‘निधर्मी’ लिहून मुलीच्या प्रवेशाच्या वेळी अडचण ओढवून घेऊ नका. आधी पडताळणीची कामं करणाऱ्या वकिलाला कागद दाखवा.

जनगणनेचा विषय निराळा, तिच्यातून कुणाचा दाखला निघत नाही. 2011 मध्ये देशभरात सुमारे 33 हजार जणांनीच स्वतःला नास्तिक नोंदवलं, त्यातले साडेनऊ हजारांच्या वर महाराष्ट्रात. आडनाव ऐकून रकाना आपसूक भरला जाऊ शकतो. 2027 च्या वेळी प्रगणक दारात येतील तेव्हा भरलेलं वाचून दाखवायला सांगा, घरातल्या प्रत्येकाचं वेगळं.