२७ टक्के म्हणजे नेमकं किती?
स्मृतिभ्रंशाविषयी वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपासून अल्झायमर. आता आंघोळ घालावी लागते, मला कधी ओळखतात, कधी नाही. हृदयाचे ठोके अनियमित आहेत म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. आजार २७ टक्क्यांनी कमी करणारं इंजेक्शन आलंय असं वाचलं. दागिने मोडायचीही तयारी आहे. द्यावं का? (मुलुंड)

उत्तर : देऊ नका आणि दागिनेही मोडू नका. यात तुमच्या मायेची कसोटी नाही. हे औषध त्यांच्या टप्प्यासाठी नाहीच.

आधी त्या २७ टक्क्यांबद्दल. बातमी बहुधा लेकॅनेमॅबची आहे. त्याच्या चाचणीत १,७९५ रुग्ण होते आणि ती १८ महिने चालली. आजार मोजायची पट्टी ० ते १८ गुणांची. गुण वाढले की आजार वाढला. खरं औषध न मिळालेल्यांचे गुण सरासरी १.६६ने वाढले, मिळालेल्यांचे १.२१ने. फरक ०.४५ गुणांचा. १.६६ मधले ०.४५ म्हणजे २७ टक्के. थोडक्यात, सरासरी पाहिली तर आजार कोणत्याच गटाचा कमी झाला नाही; दोन्ही गट उतरणीलाच होते, एक जरा सावकाश उतरला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसाला असे काही महिने मोलाचे वाटू शकतात. पण बातमीच्या मथळ्यातून घराघरात जी आशा पोचते, ती या आकड्यात नाही.

चाचणीत घेतलेले सगळे रुग्ण अगदी सौम्य अवस्थेतले होते, आणि मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) साचल्याचं पेट स्कॅनने किंवा पाठीच्या पाण्याच्या तपासणीने सिद्ध झालेले. सासूबाई तो टप्पा ओलांडून गेल्या आहेत. दुसरी अडचण त्यांच्या गोळीची. या औषधाने काहींच्या मेंदूला सूज येते किंवा बारीक रक्तस्राव होतो. लेकॅनेमॅबच्या गटात सूज १२.६ टक्के जणांच्या स्कॅनमध्ये दिसली, डोनानेमॅब या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत २४ टक्के जणांच्या. बहुतेकांना ती जाणवतही नाही, पण काहींच्या जिवावर बेतलं आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना हा धोका पत्करू नये. शिवाय वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईंना ५५० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी शिरेतून, आणि सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा पुन्हा एमआरआय. एमआरआयच्या बोगद्यात स्वस्थ पडून राहणं त्यांना कितपत जमेल, तुम्हीच विचार करा.

त्यांच्या टप्प्यावर उपयोग जुन्याच दोन औषधांचा: डोनेपेझिल आणि मेमँटिन. डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमने सुरू करतात, चार ते सहा आठवडे सोसलं तर १० करतात. त्याने नाडी मंदावते, त्यामुळे सासूबाईंच्या बाबतीत आधी ईसीजी हवाच, आणि गोळी सुरू झाल्यावर भोवळ आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. जुलाब, भूक मरणं, रात्री भयंकर स्वप्नं पडणं हेही होतं. स्वप्नांचा त्रास असेल तर गोळी सकाळी देता येते. गोळी आधीच चालू असेल तर ‘फरक दिसत नाही’ म्हणून परस्पर बंद करू नका. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत मध्यम ते तीव्र आजार असलेल्या ज्या रुग्णांची गोळी बंद केली, ते चालू ठेवलेल्यांपेक्षा जास्त ढासळले. गोळीचं काम कधी कधी इतकंच असतं, पण ते काम आहे.

प्रश्न : वडील ६९. गेल्या आठवड्यापर्यंत स्वतः बाजारहाट करायचे. चार दिवसांपासून असंबद्ध बोलतात, रात्रभर जागे, दिवसा झोपेत. शेजारी म्हणतात म्हातारचळ लागला, आता असंच चालायचं. (लालबाग)

उत्तर : शेजाऱ्यांचं ऐकू नका. पुढच्या अंकाची वाट बघू नका म्हणून तुम्हाला वेगळं कळवलंही आहे. इथे इतरांसाठी लिहितो.

स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी वाढतो. चार दिवसांत माणूस बदलला तर तो बहुधा डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या तरी बिघाडामुळे मेंदू गोंधळणं. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, शरीरात पाणी कमी पडणं, तुंबलेली लघवी, आठवडाभराचा बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम किंवा साखर उतरणं ही नेहमीची कारणं. कारण सापडलं की बहुतेक जण पुष्कळसे सावरतात, उशीर झाला तर जीवही जातो. घरी ओळखायचं असेल तर वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. विसराळू माणूस बऱ्याचदा हे निभावतो. डिलिरियमचा माणूस दुसऱ्या वारालाच भरकटतो, आणि सकाळी ठीक तर संध्याकाळी पार बिघडलेला दिसतो. मात्र वार जमले म्हणून घरी थांबायचं नाही. केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल तिथे तातडीच्या विभागात न्या. ओपीडीच्या तारखेचा हा मामला नाही. गेल्या दोन महिन्यांत पडले असतील, डोकं आपटलं असेल, एक पाय ओढत चालत असतील तर ते आवर्जून सांगा. कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त सीटी स्कॅनमध्ये दिसतं आणि ते काढता येतं.

जाताना औषधांची यादी नको, अख्खी पिशवी न्या. घरून निघण्याआधी ती टेबलावर एकदा रिकामी करा. त्यात काय काय निघतं! रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी, दोन डॉक्टरांनी लिहिलेली. पावसाळ्यात आणलेली सर्दीची क्लोरफेनिरामीन. लघवी रोखायची ऑक्सिब्युटिनिन, दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन, हात थरथरतो म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल. या चारही मेंदूतल्या ॲसिटिलकोलीनचं, म्हणजे स्मरणाला लागणाऱ्या रसायनाचं, काम अडवतात, आणि डोनेपेझिल नेमकं तेच रसायन टिकवून धरायला देतात. दोन्ही एकाच पिशवीत निघतात, हे फार वेळा घडतं. एक काळजी घ्या: अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम ही झोपेची-चिंतेची गोळी रोजची असेल तर घाबरून एकदम थांबवू नका, फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवतात.

प्रश्न : गिंको किंवा बुद्धिवर्धक कॅप्सूलने विसरणं थांबतं का? (गिरगाव)

उत्तर : नाही. गिंकोची मोठी चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली: ३,०६९ ज्येष्ठ, १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, कित्येक वर्षं. स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. त्या पैशांत बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करा. शाकाहारी आणि त्यातून मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी निघण्याची शक्यता बरीच असते, आणि ते भरून काढता येतं.

प्रश्न : आईला अल्झायमर होता. मी ५४, तब्येत उत्तम. रक्ताच्या नव्या तपासणीतून मला होणार का हे कळेल? (बोरिवली)

उत्तर : तुम्ही पी-टाऊ २१७ या प्रथिनाच्या रक्ततपासणीविषयी विचारताय. तपासणी खरोखर चांगली आहे, पण ती ज्यांना लक्षणं आहेत त्यांच्यासाठी. अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०२५ मध्ये या प्रथिनावर आधारित पहिल्या रक्तचाचणीला मंजुरी दिली तीही ५५ किंवा त्याहून जास्त वयाच्या, लक्षणं असलेल्यांसाठी. मूत्रपिंड कमजोर असेल तर आकडा उगाच वाढतो. काहींचा निकाल हो आणि नाहीच्या मधल्या पट्ट्यात अडकतो. आणि लक्षणं नसताना तो ‘हो’ आला तरी आज त्यावर देण्याजोगं सिद्ध औषध नाही; हाती राहते ती काळजी.

त्यापेक्षा रक्तदाब मोजा. स्प्रिंट माइंड या चाचणीत ९,३६१ जणांपैकी निम्म्यांचा वरचा रक्तदाब १२०च्या खाली, निम्म्यांचा १४०च्या खाली ठेवायचं ठरलं होतं. पहिल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी राहिलं. त्यात मधुमेही नव्हते, आणि उतारवयात दाब फार उतरवला तर भोवळ येते, म्हणून तुमचा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. मोजायचं तुम्ही. लोकल पकडून, जिने चढून आल्याआल्या नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसून, दंड हृदयाच्या पातळीवर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : बाबांना ऐकायचं यंत्र घेऊन दिलं, ते कपाटात पडून आहे. यंत्राने विसराळूपणा थांबतो असं ऐकलं, खरं का? (दादर)

उत्तर : अर्धं खरं. २०२३ च्या अचीव्ह चाचणीत ७० ते ८४ वयाचे ९७७ जण तीन वर्षं होते. सगळ्यांची सरासरी पाहिली तर फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. ते काही नसतं तरी नातवाचं बोलणं ऐकू येणं हेच यंत्र कपाटातून बाहेर काढायला पुरेसं कारण आहे.

ते कपाटात का गेलं हे शोधा. शिट्टी वाजत असेल तर कानातला साचा सैल आहे किंवा कानात मळ आहे. मळ काढून साचा नव्याने बसवून घ्या. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत श्रवणचाचणी होते. आवाज कर्कश वाटत असेल तर यंत्र त्यांच्या ऑडिओग्रामनुसार (श्रवणचाचणीच्या आलेखानुसार) पुन्हा जुळवावं लागेल. यंत्र बटण-सेलचं असेल तर सेलवरचा रंगीत कागद काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा. कागद एकदा निघाला की वापरा न वापरा, सेल उतरतो, तेव्हा चार सेलचे कागद एकदम काढून ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत यंत्र रात्री सेलचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवा. रिचार्जेबल असेल तर ते चार्जरमध्येच ठेवायचं.

पहिले काही दिवस तासभरच, घरात, एका माणसाशी बोलताना, टीव्ही बंद ठेवून. मग दोन तास, मग जेवणाच्या टेबलावर. दादर स्टेशनचा पूल सगळ्यात शेवटी.