३४ हजारांचा टेंट, तोही ईएमआयवर? थांबा जरा भाऊ

शिरपूरच्या एका भाऊंनी विचारलंय. वय २९, हातात पगार ३१ हजार, मित्रांसोबत तोरणमाळ, अस्तंबा, साल्हेर असं फिरणं चालू असतं. आता सव्वा किलो वजनाचा इम्पोर्टेड दोन माणसांचा टेंट घ्यायचाय, ३४ हजारांचा, बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर. घेऊ का? आणि जाता जाता एका ओळीत लिहिलंय की क्रेडिट कार्डावर १२ हजार जुने थकलेत, दर महिन्याला मिनिमम भरतो.

भाऊ, प्रश्न तुम्ही टेंटचा विचारला पण मला घाम फोडला त्या शेवटच्या ओळीने. बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे १२ हजारांवर ४२० रुपये, वरून त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि मिनिमम भरून मुद्दल जागचं हलतच नाही. दुसरं म्हणजे जुनी बाकी असताना नवीन खरेदीला ती बिनव्याजी मुदत मिळत नाही, आज पेट्रोल टाकलं की आजपासूनच मीटर चालू.

आता नो कॉस्टची गंमत ऐका. बँक व्याज घेतेच, दुकानदार तेवढं डिस्काउंटमध्ये वळतं करून देतो एवढंच, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते. १५ टक्के व्याज धरलं तर तुमच्या केसमध्ये हे सातशेच्या घरात जाईल. रोखीने घेताना पाच टक्के सुटत असतील तर ते १,७०० पण गेले.

बरं, ३४ हजार नक्की कशाचे? मुख्यतः हलकेपणाचे. सात-साडेसात हजारांत पावणेतीन किलोचा बरा टेंट येतो, म्हणजे दीड किलो वाचवायला साडेसव्वीस हजार. तुम्ही पायथ्यापर्यंत बाइकने जाता आणि दोघं असता, एकाने पोल आणि आतला टेंट घेतला, दुसऱ्याने फ्लाय म्हणजे बाहेरचं पावसाचं कापड, की फरक माणशी पाऊण किलो. (माझं पोटच त्याहून जास्त आहे, ते फुकट उचलतो मी.) आठ-आठ दिवस सगळं पाठीवर घेऊन स्वतःच्या हिमतीवर हिमालयात चालणारे असाल तर गोष्ट वेगळी, पण तिकडच्या ग्रुप ट्रेकला टेंट बहुतेक आयोजकच देतात.

तुम्हीच लिहिलंय की मागच्या वर्षी आठ रात्री बाहेर काढल्या. पाच वर्षं हाच वेग राहिला तर ४० रात्री, म्हणजे महागडा टेंट पडला रात्रीला ८५० आणि साधा १९० च्या आत. भाड्याने तुम्हाला ३०० ला मिळतोय म्हणता. यावल किंवा गौताळा अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करताच येत नाही, त्यामुळे चाळीसच्या ऐंशी रात्री होतील असं मला तरी वाटत नाही.

पण म्हणून एकदम स्वस्तातला पण घेऊ नका, ते पाप मी केलंय. अकराशेचा एकपदरी टेंट घेऊन पाटणादेवीच्या बाजूला एका ओळखीच्याच्या वावरात झोपलो, पाऊस नव्हता तरी पहाटे आतून थेंब टपकायला लागले, आपल्याच श्वासाची वाफ. तिसऱ्या वेळी फायबरचा पोल उभा चिरला आणि त्याची कूस बोटात गेली. वर शहाणपणा असा की ओलाच गुंडाळून माळ्यावर टाकला, वर्षाने उघडला तर आतलं कोटिंग चिकट झालेलं आणि वास तर विचारू नका. आई म्हणाली, वावरमा निजाले तंबू कसाले?

तर घ्यायचा तो दुपदरी घ्या, फ्लायचं वॉटरप्रूफ रेटिंग दोन हजार मिलिमीटर किंवा वरचं, शिवणीवर टेप मारलेली, खालचं कापड कडेने वर चढवलेलं, जमलं तर अॅल्युमिनियमचे पोल. आणि उन्हाळ्यात दिवसभर लावून ठेवू नका, आपल्याकडचं ४४-४५ डिग्रीचं ऊन कापड खाऊन टाकतं.

ईएमआयला महिन्याला २,८३३ द्यायची तयारी होतीच, त्यात ते मिनिममचे सहाशे मिळवा, झाले ३,४०० च्या वर. जुलैपासून हे सगळे कार्डावर टाका आणि तोवर कार्ड घरी कपाटात ठेवा, ऑक्टोबरपर्यंत ते साफ होईल. मग नोव्हेंबर-डिसेंबरचे बाजूला ठेवले की जानेवारीत टेंट रोखीने. दिवाळीत अस्तंब्याला जायचंच असेल तर भाड्याचा न्या, दोघं सामानासकट आत मावता का तेही कळेल. जानेवारीत वावरात भरीत पार्टी असतेच, नवीन टेंट पहिल्यांदा तिथेच लावून बघा, काही कमी निघालं तर दुकान जवळ आहे. बिल मात्र सांभाळून ठेवा.